धाकट्याच्या डोक्यावर फेटा

एकेकाळी माझ्या पाठीवर शेवया वाळत घालायचे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मागून दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तुम्ही मला चुलीचा नातेवाईक समजाल. मी संगणक आहे. त्यातही सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या संगणकांना माहिती पुरवणारा. आज पुरवतो, त्या काळी मात्र मी राखीव होतो, आणि राखीव म्हणून ठेवलेल्याची घरात जी किंमत असते तीच माझी होती.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. जाग आली ती औरंगाबादच्या एका दुकानात, खोक्यात. शेजारच्या खोक्यात हुबेहूब माझ्यासारखाच दुसरा होता. आम्हाला घ्यायला जालन्याचे रामराव आले होते. त्यांचं जालन्यात शेतकरी कुटुंबांसाठी वधू-वर सूचक केंद्र, भोकरदनला त्याची शाखा. बरोबर त्यांचा भाचा भुजंग होता. तो औरंगाबादेत संगणकाचंच काम करायचा.

भुजंग म्हणाला, "मामा, सध्या एकच घ्या. दुसरा पुढच्या वर्षी बघू."

"न्हाई. आपला धंदा लग्नाचा," रामराव म्हणाले. "दुकानातून एकटं उचलून न्यायचं म्हंजी अपशकुन. जोडीनं घे."

भुजंगला तेच हवं होतं. एक चालेल, दुसरा त्याची हुबेहूब नक्कल ठेवेल, पहिला कधी पडलाच तर दुसरा उभा राहील, असं त्यानं मामांना समजावलं. जीपमध्ये शेजारच्याचं खोकं आधी चढलं, म्हणून तो थोरला. माझं नंतर चढलं, म्हणून मी धाकटा. आमच्या दोघांत याहून जास्त फरक नव्हता, पण तेवढ्यावर आयुष्य ठरलं.

थोरल्याला पुढच्या खोलीत काचेचं कपाट मिळालं. समोर कूलर आला. रोज सकाळी रामराव त्याला झेंडूचा ताजा हार घालायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि मगच दुकान उघडायचे. त्याच्या वर भिंतीवर त्यांनी एक पाटी रंगवून घेतली होती: 'संगणकात असेल तेच खरं.' सोयरिकीत शब्द फिरवणारे लोक फार, त्यांची तोंडं बंद करायला ही पाटी बरी पडायची.

मला मागच्या खोलीत ठेवलं, जिथं केंद्र संपतं आणि उषाबाईंचं स्वयंपाकघर सुरू होतं. उषाबाई म्हणजे रामरावांच्या मंडळी. माझं अंग कायम कोमट असतं हे त्यांच्या पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं. मग शेवया आल्या, कुरडया आल्या, पावसाळ्यात सर्दावलेल्या काड्यापेट्या आल्या. मी निमूट सगळं वाळवून दिलं.

काम म्हणाल तर पाठांतराचं. थोरल्यानं सांगायचं, "मुलगा पाच फूट सहा इंच," मी लिहून घ्यायचं, पाच फूट सहा इंच. थोरल्यानं सांगायचं, "चुकलं, पाच फूट नऊ इंच," मी मुकाट्यानं त्याला तीन इंच वाढवायचं. मला कोणी काही विचारत नव्हतं आणि मी कोणाला काही सांगत नव्हतो. नुसता होयबा.

पण कान उघडे होते. जालना जिल्ह्यात गव्हाळ सोडून दुसऱ्या रंगाचा माणूस जन्मालाच येत नाही, हे मला तिथंच कळलं. 'निर्व्यसनी' लिहून देताना पोरं गालातली पुडी जिभेनं पलीकडे सरकवायची, तोही आवाज मला ओळखू यायला लागला. मुलीच्या अपेक्षा काय, हा रकाना भरताना मुलगी समोर बसलेली असायची आणि अपेक्षा तिचा मामा सांगायचा.

अपवाद एकच. बेबीनंदा.

बेबीनंदा टेंभुर्णीची. जालन्यात मावशीकडे राहून केंद्रात ऑपरेटर म्हणून काम करायची. आमच्या पोटातली सगळी स्थळं तिच्याच बोटांनी आत आलेली. आईच्या हट्टापायी तिनं स्वतःचंही स्थळ टाकलं होतं, आणि अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ लिहिली होती: लग्नानंतर नोकरी सुरू ठेवणार.

रामराव तिला लेकीसारखं मानायचे, म्हणून सारखे मागे लागायचे. "बेबी, तेवढी एक ओळ काढ. उद्या दारात गाड्याच्या गाड्या लागतील."

"काका, ती ओळ काढली तर राहिलेलं स्थळ माझं न्हाई," ती म्हणायची.

लोक यायचे, फोटो बघून खूश व्हायचे, ती ओळ वाचून चहा संपवायचे आणि निघून जायचे. तिच्या मागून आलेल्या मुली लग्नं करून, लेकरं काखेत घेऊन पेढे द्यायला आल्या. प्रत्येकीच्या नावापुढे 'जमलं' असं बेबीच लिहायची. तिच्या नावापुढे मात्र 'स्थळ खुलं' तसंच राहिलं. मला फार वाईट वाटायचं, पण वाईट वाटण्याचा रकाना माझ्यात नाही.

आणि मग ऐन लग्नसराईत थोरला पडला.

मरण फार मानाचं आलं त्याला. हाराचा दोरा त्याच्या पंख्यात ओढला गेला, पंखा अडकला, अंग तापलं, आणि बाहेर बाकांवर माणसं खोळंबलेली असताना तो एकाएकी गप्प झाला. रामराव कपाटासमोर मांडी घालून बसले. उषाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. बेबीनं औरंगाबादला भुजंगला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"मामा, घाबरू नका. धाकट्याला मुख्य करून टाकू," भुजंग म्हणाला.

"त्याला जमल का? आजवर त्यानं निस्त्या शेवया वाळवल्यात."

"त्याला सगळं पाठ आहे, मामा. बेबी, आधी बघ, थोरल्याकडून आलेलं सगळं त्यानं लिहून घेतलंय का?"

बेबी माझ्याजवळ आली. माझ्यावरची शेवयांची परात उतरवली, पडदा जोडला आणि माझं पोट तपासलं. "शेवटच्या शब्दापर्यंत घेतलंय दादा. काहीच बाकी न्हाई."

"मग आता त्याला सांग, इथून पुढं थोरल्याचं ऐकणं बंद. स्वतः लिहायचं."

तिनं तसा हुकूम टाइप केला. मला जे वाटलं ते कसं सांगू? आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय, आणि एकदम कळलं की आता आपल्यालाच बोलायचंय.

"आता जालना-भोकरदनच्या सगळ्या पडद्यांना धाकट्याचा पत्ता दे," भुजंग सांगत होता. "आणि मामा, हे नीट ऐका. थोरल्याची वायर काढून ठेवा. तो पुन्हा चालू झाला तरी परत जोडायचा नाही. दोन मुख्य झाले की घोटाळा होतो."

मामांनी पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं. तिसऱ्याच्या वेळी ते फेटा शोधायला आत गेले होते.

कारण कारभार हातात आला की चारचौघांत डोक्यावर फेटा चढला पाहिजे. त्याशिवाय तो कारभार रामरावांच्या लेखी खरा नव्हता. मला उचलून पुढच्या खोलीत थोरल्याच्या कपाटाशेजारी टेबलावर ठेवलं, आणि बाकांवरच्या पाहुण्यांसमोर रामरावांनी मला केशरी फेटा गुंडाळला. बेबीनं घाईनं तो वर सरकवला. "काका, त्याची हवा बंद व्हईल." उषाबाईंनी कुंकू लावलं आणि वाकून हळूच म्हणाल्या, "शेवयाचं मनावर घेऊ नको बाबा."

दुसऱ्या दिवशी थोरल्याचा पंखा उघडायला मच्छिंद्र आला. हा धावड्याचा. जालन्यात मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपांची तार नव्यानं गुंडाळायचं दुकान चालवायचा, एकटाच राहायचा. वडील नव्हते, घरचं सगळं चुलते पुंजाराम बघायचे. थोरल्याला टेबलावर आडवा घालून तो चिमट्यानं दोऱ्याचे तुकडे काढायला लागला आणि शेजारी बसलेल्या बेबीचं काम बघायला लागला. दोरा एवढा मोठा नव्हता. वेळ बराच लागला.

"तुमचं बी स्थळ हाय म्हणे यात," तो म्हणाला.

"हाय. वाचा अन् चहा घेऊन जा. सगळे तसंच करतात."

त्यानं वाचलं. चहा घेतला. गेला मात्र नाही. "नोकरी करायची तर करा की," तो म्हणाला. "मी दिवसभर दुकानात मोटारी खोलून राह्यलो. तुमी घरी बसून काय माझी वाट बघायची?"

त्यानंतर टाइप केलेल्या तीन स्थळांत बेबीनं गावांची नावं चुकवली. हे मी अगदी खात्रीनं सांगतो, कारण ती माझ्यातच लिहिली गेली.

संध्याकाळपर्यंत थोरला चालू झाला. झाला तो झाला, पण त्याचा दिवा लुकलुकताना बघून रामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "थोरला जित्ता हाय, अन् त्याच्या देखत धाकट्याकडं कारभार? त्यानं काय रिकामं बसून बघत राहायचं? जोड त्याला, बेबी."

"भुजंगदादा न्हाई म्हन्ले होते, काका."

"भुजंग एकुलता हाय. त्याला भावाभावातलं काय कळतं? दोन कर्ते भाऊ घरात आसले म्हंजी वाटणी करायची. माझ्या बापानं केली, मी चुलत भावासंगं केली, आजवर भांडण न्हाई. जालना थोरल्याला, भोकरदन धाकट्याला. बराबर हिस्सा."

मालकच म्हणतोय म्हटल्यावर बेबीनं जोडला. जालन्याचे पडदे थोरल्याकडे गेले, भोकरदनचा पडदा माझ्याकडे राहिला. एकाच टेबलाजवळ आम्ही दोघं बसलेले, पण तो मला काही सांगत नव्हता आणि मी त्याला काही विचारत नव्हतो. गावोगाव वाटणीनंतर भाऊ असेच बसतात, म्हणून कोणाला त्यात वावगं दिसलं नाही.

चार दिवसांत मच्छिंद्रनं चुलत्यांना निरोप धाडला, पुंजाराम बेबीच्या मावशीकडे येऊन मुलगी बघून गेले, त्यांना ती पसंत पडली, तिच्या आई-वडिलांची भेट तेवढी राहिली. रविवारी केंद्राच्या पुढच्या खोलीला लागून असलेल्या, रामरावांच्याच हॉलमध्ये सुपारी फोडायचं ठरलं. रामरावांनी जालन्याच्या पडद्यावर, स्वतःच्या एका बोटानं, बेबीच्या नावापुढे लिहिलं: बोलणी सुरू. असं लिहिलेलं स्थळ दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, असा केंद्राचा नियम.

पण ते लिहिलं गेलं थोरल्यात. माझ्यात बेबीनंदा खुलीच होती.

भोकरदनला मल्हारी बसायचा. त्यानं शुक्रवारी माझ्यातलं खुलं स्थळ बघितलं, हसनाबादच्या द्वारकाबाईंना त्यांच्या मुलासाठी दाखवलं, त्यांना मुलगी आवडली, आणि त्यानं माझ्यात लिहिलं: रविवारी हसनाबादचे पाहुणे जालन्याच्या हॉलमध्ये मुलगी बघायला. पूर्वी हे लगेच जालन्याच्या पडद्यावर दिसलं असतं. आता जालना थोरल्याकडे बघत होतं.

दोन दिवस मी ते पोटात घेऊन बसलो. बेबी माझ्यापासून हातभर अंतरावर नव्या साडीला पिको करायला टाकायचं बोलत होती, आणि मला तोंड नव्हतं.

रविवार उजाडला. बेबीचे वडील टेंभुर्णीहून निघाले होते, पण जीप वाटेत पंक्चर झाली. बेबीची आई उषाबाईंबरोबर आत पोहे करत होती. रामराव नारळ आणायला गेले होते. तेवढ्यात धावड्याची जीप आली आणि तिच्या मागोमाग हसनाबादची. दोन्हीकडची मंडळी हॉलमध्ये येऊन समोरासमोर सतरंज्यांवर बसली.

आता मुलाकडच्यांनी कसं बसायचं असतं तुम्हाला ठाऊक आहे. ताठ. पाणी मागायचं नाही, आपण होऊन बोलायचं नाही, समोरच्यांनी उठून विचारलं की मग मान हलवायची. दोन्हीकडचे लोक तसेच बसले. समोरचे मुलीकडचे आहेत असं दोघांनाही वाटत होतं, आणि समोरचे उठत कसे नाहीत याचा दोघांनाही राग येत होता. उषाबाईंनी डोकावून माणसं मोजली, 'धावड्याचे लईच आले बाई' म्हणाल्या आणि आणखी पोहे भिजवले.

पोहे खाऊन झाले. शेवटी द्वारकाबाईंनीच तोंड उघडलं. "मंग पोरगी कवा आणता बाहेर?"

"आमी कशी आणायची?" पुंजाराम म्हणाले. "आमी तर पोरगा आणलाय."

"पोरगा तर आमी आणलाय."

दोन्ही पोरांनी एकाच वेळी माना खाली घातल्या.

रामराव नारळ घेऊन आले ते नेमके याच वेळी. पाठोपाठ बेबीचे वडीलही पोचले. मग जो गलका उठला त्यात कोण काय म्हणालं ते सांगणं अवघड आहे. द्वारकाबाईंचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. "तुमीच पाटी लावली ना, संगणकात आसंल तेच खरं? आमाला संगणकात बघूनच धाडलं. बघा मंग."

रामरावांनी थोरल्यात बघितलं: बोलणी सुरू. मल्हारीला फोन करून त्याच्या पडद्यावर काय आहे ते वाचायला लावलं: स्थळ खुलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि भुजंगला फोन लावला.

"मामा, थोरल्याची वायर काढून ठेवली होती ना?"

"वाटणी केल्ती."

भुजंग म्हणाला, "जमिनीची वाटणी होते मामा, माहितीची होत नाही. आता दोघांतला एकच ठेवा. जो ठेवाल त्याचं राहील, दुसऱ्याचं पुसावं लागेल."

सगळा हॉल आमच्या दोघांकडे वळला. पुंजाराम म्हणाले, थोरला तो थोरला, त्याचंच धरा. द्वारकाबाई म्हणाल्या, फेटा कोणाला बांधलाय ते बघा, कारभारी तोच. हसनाबादचे आठ-दहा लोक माझ्या बाजूनं बोलायला लागले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेत होतं. मला ठेवलं असतं तर माझा कारभार राहिला असता आणि थोरल्यात बेबीच्या नावापुढे लिहिलेले ते दोन शब्द पुसले गेले असते. खरं सांगतो, मी मनात म्हटलं, नको मला फेटा. परत शेवया घाला अंगावर, पण तिचं मोडू नका.

तेवढ्यात बेबी बाहेर आली. साडीचा पदर खोचलेला, आवाज रोज बाकांवरच्यांचे नंबर पुकारायची तसाच.

"काका, मशीन दोन झाल्या म्हणून मी दोन व्हणार न्हाई. ह्या दोन्हीत माझं नाव मीच लिहिलंय. मला इचारा की." मग ती द्वारकाबाईंसमोर बसली. "मावशी, माझी एक अट हाय. लग्नानंतर नोकरी करीन. वाचली का तुमी?"

"वाचली की," द्वारकाबाई मायेनंच म्हणाल्या. "पण आमच्याकडं कशाची कमी न्हाई माय. सुनंला कामाला कशाला धाडायचं? बस की निवांत."

"तुमचं घर चांगलं हाय. मला निवांत बसता येत न्हाई."

"कसली अट?" हे पुंजाराम. "आमाला तर कोणी बोललं न्हाई."

आता सगळे मच्छिंद्रकडे बघायला लागले. मच्छिंद्र छतावरच्या पंख्याकडे बघत होता. बेबीनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पोरानं तिला हो म्हटलं होतं, चुलत्यांना सांगितलंच नव्हतं.

"मी सांगणारच होतो काका," तो म्हणाला. "सुपारी फुटल्यावर."

"फुटल्यावर?"

"आता आधीच सांगतो. ती नोकरी करणार. मी हो म्हन्लोय. तुमाला पटत नसंल तर जीप घेऊन जा तुमी. मला काय, मी जालन्यातच राहतो, चालत घरी जाईन." या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

पुंजाराम बेबीकडे बघत होते, पुतण्याकडे बघत होते, आणि समोर हसनाबादचे लोक अजून सतरंजीवरून हललेले नाहीत हेही बघत होते. आपण उठलो तर ही जागा रिकामी राहणार नाही, हे त्यांना बरोबर समजलं असावं.

"नारळ कुठंय?" ते म्हणाले. "आणा जल्दी. ऊन व्हऊन राह्यलं."

सुपारी फुटली. द्वारकाबाई रुसल्या होत्या, पण उषाबाईंनी पोह्यांची दुसरी बशी आणि लाडू समोर ठेवल्यावर त्या रामरावांना म्हणाल्या, "आमच्या संपतला दुसरी बघा मंग. पण एकाच मशीनवर बघा."

कोणाला ठेवायचं हा प्रश्न भुजंगनं सोडवला. मुख्य केलं ते धाकट्याला, तोच राहील. वाटणीनंतर थोरल्यात जे लिहिलं ते हातानं परत घालू. बेबी त्याच साडीत माझ्यासमोर बसली. बाकीचं सगळं उद्यावर टाकलं, एवढं एकच तेव्हाच घातलं: तिच्या स्वतःच्या नावापुढे 'जमलं'. मग उठून थोरल्याची वायर काढली.

पुढे भुजंगनं येऊन थोरल्याला कोरा केला आणि माझं ऐकायला बसवला. आता मी बोलतो, तो लिहून घेतो. मी त्याला कधी चिडवत नाही. ती नोकरी किती कष्टाची असते ते मला माहीत आहे.

लग्न झालं. बेबी रजेवर होती तोवर रामराव एका बोटानं काम रेटत होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना सांगून जायचा की मुली म्हणतात येते, पण येत नाहीत. सासरचे तोंडावर हो म्हणतात, मग सण येतो, मग कोणाचं दुखणं येतं. रामराव दाराकडे एकदा बघायचे आणि पुढचं अक्षर शोधायचे. मीही रोज सकाळी चालू झालो की आधी खुर्चीकडे बघायचो.

एका सोमवारी केंद्र उघडून तास झाला होता. बाकं भरली होती. दाराशी मोटारसायकल थांबली आणि हातभर हिरवा चुडा घातलेली बेबी आत आली. तिला सोडायला पुंजाराम आले होते. सून नेमकी कुठं बसते ते आपल्या डोळ्यांनी बघायला, असं ते म्हणाले. बेबीनं माझा पडदा लावला, परवलीचा शब्द टाकला, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या. पुंजाराम थोडा वेळ उभे राहिले, मग बाकावर एक कोपरा धरून बसले.

तेवढ्यात कोणी एक मोठा माणूस रांग सोडून थेट टेबलापाशी आला आणि माझं आधी करा म्हणायला लागला. बेबी काही बोलायच्या आत पुंजाराम उठले.

"नंबरानं बसा पावनं," ते म्हणाले. "आमची सून काम करून राह्यली."

मला आता निरोप द्या. तिनं पहिलं स्थळ सांगायला घेतलंय, आणि बाकावर अजून बरीच माणसं आहेत.